मूडबोर्डाआधी गुऱ्हाळ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू पुण्यात तीन वर्षं ग्राफिक डिझायनर म्हणून नोकरी करतोयस. रोज रात्री तासभर पिंटरेस्ट, बिहान्स, इन्स्टाग्राम पाहतोस, आवडलेलं साठवतोस, आणि अशी हजारेक चित्रं जमली आहेत. आता कोल्हापूरकडच्या एका सेंद्रिय गुळाच्या वेष्टनाचं काम हाती आलंय. मूडबोर्डावर, म्हणजे कामाआधी प्रेरणेची चित्रं लावायच्या फलकावर, जपानी पॅकेजिंग लावलंस, तीन पर्याय काढलेस आणि तिन्ही कुठेतरी आधी पाहिल्यासारखे वाटतायत. ‘ताई, समकालीन कला, डिझाइन, तंत्रज्ञान, नवे विचार यांतून प्रेरणा घे असं सगळे सांगतात, पण घ्यायची म्हणजे नक्की करायचं काय?’ असं तू विचारलंयस.

मी गेली तीस वर्षं देवनागरी अक्षरं काढते. सुरुवात नाटकांच्या जाहिराती आणि दिवाळी अंकांची शीर्षकं यांपासून झाली, आता बहुतेक काम फाँटचं असतं. त्यामुळे माझी उदाहरणं अक्षरांची येतील. गुळाकडे शेवटी येतेच.

तू रोज रात्री साठवतोस ती सगळी उत्तरं आहेत. कुणाला तरी कुठे तरी एक अडचण आली होती. कागद महाग होता, पाटी लांबून वाचता यायला हवी होती, अंडी न फुटता बाजारात पोचायला हवी होती. त्यातून वाट काढताना जे रूप घडलं ते तुझ्या पडद्यावर दिसतं, अडचण मात्र दिसत नाही. म्हणून तू रूप उचलतोस आणि ते तुझ्या कामावर उसन्या कपड्यासारखं सैल राहतं. प्रेरणा घेणं म्हणजे माझ्या लेखी दुसऱ्याच्या कामातली अडचण ओळखू येणं आणि ती आपल्या अडचणीच्या नात्यातली आहे हे ध्यानात येणं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते एका रुग्णालयात.

वीसेक वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका रुग्णालयाच्या पाट्यांचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी युरोपातल्या विमानतळांच्या पाट्यांवर लुब्ध होते. बारीक, सरळ, शांत अक्षरं आणि भोवती भरपूर मोकळी जागा. तशीच देवनागरी मी काढली. पाट्या लागल्यावर बघायला गेले, तर एक आजोबा कॉरिडॉरच्या टोकाला हातात केसपेपर घेऊन थबकले होते. समोर पाटी होती, ‘भरती विभाग’. ‘भ’ची गाठ मी इतकी नाजूक केली होती आणि शिरोरेघेतली फट इतकी अरुंद, की लांबून तो ‘म’ दिसत होता. आजोबांनी काय वाचलं ते तुला सांगायला नको. मला त्या दिवशी लाज वाटली. ती आजही वाटते आणि ती तशीच राहावी असं मला वाटतं.

घरी येऊन मी त्या परदेशी पाट्यांबद्दल पहिल्यांदाच नीट वाचलं. ब्रिटनमधल्या रस्त्यांवरच्या पाट्यांची अक्षरं जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी केली आणि १९६५ पासून ती देशभर लागू झाली. त्यांची अक्षरं मी आधीही पाहिली होती. तपासणी कशी झाली हे मात्र माहीत नव्हतं. एका धावपट्टीवर माणसांना ओळीने बसवलं, गाडीच्या टपावर पाट्या लावल्या, गाडी त्यांच्या दिशेने आणली आणि कुणाला कुठे वाचता येतं ते नोंदवलं. मी उचलायला हवी होती ती ही रीत. अक्षरं तर रोमन लिपीच्या अडचणीची होती. त्यांना ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांची भांडणं सोडवायचीच नव्हती.

मग मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या तीन आजी-आजोबांना खुर्च्या टाकून बसवलं आणि पाट्या छातीशी धरून त्यांच्याकडे चालत गेले. जिथे वाचलं गेलं तिथे खडूने रेघ मारली. त्याच आठवड्यात एसटीच्या आगारात पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकाकांकडे जाऊन बसले. गाडी फलाटाला लागण्याआधी गावाचं नाव वाचता आलं पाहिजे, नाहीतर म्हातारी माणसं धावत सुटतात, असं ते म्हणाले. म्हणून ते ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या गाठी ऐसपैस काढत आणि शिरोरेघ तिथे ठळकपणे तोडत. १९४८ साली पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून कितीतरी पेंटरांनी लांबून वाचण्याचा प्रश्न ब्रशने सोडवला आहे, आणि मी विमानतळांची चित्रं कापून ठेवत होते. रुग्णालयाच्या पाट्या मी स्वखर्चाने बदलून दिल्या. नव्या पाट्यांत तपासणीची रीत ब्रिटनची होती, गाठी एसटीच्या होत्या आणि तरीही पाट्या दोन्हींसारख्या दिसत नव्हत्या.

समकालीन कलेबद्दल तू विशेष विचारलंयस. तिथे हे नातं इतकं सरळ दिसत नाही, म्हणून एक उदाहरण सावकाश सांगते.

व्हेरा मोलनार ही बुडापेस्टमध्ये १९२४ साली जन्मलेली चित्रकार १९४७ पासून पॅरिसमध्ये राहिली आणि २०२३ च्या डिसेंबरात, शंभरीला जेमतेम महिना उरला असताना गेली. १९६८ मध्ये तिला संगणक वापरायला मिळाला. त्याआधी कित्येक वर्षं ती मनातल्या मनात एक यंत्र कल्पून, स्वतःलाच नियम घालून, त्या नियमांबरहुकूम हाताने चित्रं काढत असे. तिची आई तिला दर आठवड्याला पत्र लिहायची. ओळ डावीकडे सुरू होताना अक्षर वळणदार आणि सरळ असायचं, उजवीकडे जाताजाता ते अस्वस्थ व्हायचं, दातेरी व्हायचं. आई गेल्यावर मोलनारने संगणकाकडून अशी पत्रं काढून घेतली. त्यांत एकही वाचता येणारा शब्द नाही, फक्त त्या हस्ताक्षराची लय आहे आणि तिचं हळूहळू बिघडत जाणं.

ही चित्रं मी पहिल्यांदा एका कॅटलॉगमध्ये पाहिली तेव्हा तशाच दातेरी रेघा काढाव्यात अशी ऊर्मी आलीच. पण आजोबांची आठवण ताजी होती. मी स्वतःला विचारलं, हिला अडचण कोणती होती? उत्तर आलं ते असं: अक्षराचं रूप एकच नसतं. ते ओळीच्या सुरुवातीला एक असतं, शेवटी दुसरं असतं, आणि मधल्या प्रवासात माणूस दिसतो. हा प्रवास नियमात कसा पकडायचा?

माझ्या आत्याची पोस्टकार्डं आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत होती. कोकणातून ती महिन्याला एक तरी कार्ड टाकायची. कार्डाची सुरुवात ऐसपैस. ‘चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद’ याला जवळजवळ दोन ओळी. आणि शेवटी आंबे कुणाबरोबर पाठवलेत, बरणी परत धाडा, बाळाला दात आले का, हे सगळं उरलेल्या दोन बोटं जागेत. शेवटची ओळ तर कडेने उभी चढलेली. ही कार्डं मी शंभरदा पाहिली असतील. मोलनारनंतर मी ती भिंग घेऊन पाहिली. आत्या जागा संपत आल्यावर अक्षरं नुसती दाबत नव्हती. आधी ती वेलांट्या आणि मात्रा आखडत होती. मग आडवी पसरणारी जोडाक्षरं एकाखाली एक लिहीत होती. कान्याची जाडी मात्र तशीच ठेवत होती. आणि दोन शब्दांमधली जागा जवळजवळ काढून टाकत होती, कारण शिरोरेघ तुटली की शब्द संपला हे वाचणाऱ्याला कळतंच. रोमन लिपीला ही सोय नाही.

आता यात तंत्रज्ञान कुठे आलं ते बघ. २०१६ च्या सप्टेंबरात अडोबी, ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून व्हेरिएबल फाँटची घोषणा केली. एकाच फाइलमध्ये अक्षराची दोन टोकं ठेवायची, उदाहरणार्थ सर्वांत रुंद आणि सर्वांत अरुंद, आणि मधली रूपं संगणकाने जागेवरच्या जागी बनवायची. तोपर्यंत अरुंद देवनागरी म्हणजे बहुतेकदा पिळून काढलेली देवनागरी असायची, कान्यासकट सगळंच चेपलेलं. मला वर्तमानपत्राच्या मथळ्यांसाठी अरुंद फाँट करायचा होता आणि त्या घोषणेचा उपयोग कसा करावा हे सुचत नव्हतं. आत्याच्या कार्डांनी तो क्रम दिला. आधी काय आखडायचं, मग काय एकाखाली एक घ्यायचं, कशाला हात लावायचा नाही. पॅरिसमधली चित्रकार, अमेरिकेतल्या कंपन्या आणि कोकणातलं पोस्टकार्ड एकाच टेबलावर आले ते त्या एका अडचणीमुळे. नुसती चित्रं साठवून ती माझ्यापाशी कधीच एकत्र आली नसती.

म्हणून साठवायचं असेल तर चित्राशेजारी एक ओळ लिहायची सवय लाव: याला अडचण काय होती? कळली नाही तर तसं लिही. आमच्या पिढीला वहीचं महत्त्व प्रभाकर बरवे यांच्यामुळे पटलं. नागावात १९३६ साली जन्मलेला हा चित्रकार विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होता, आधी वाराणसीत, मग मुंबईत. घरादाराला लावायचा इनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर आणला आणि घड्याळ, पान, शिंपला अशा साध्या वस्तूंबद्दल डायऱ्यांत सतत लिहीत राहिले. वस्तू आणि तिचं नाव, आकार आणि रिकामी जागा, आठवण आणि सावली. त्या नोंदी आणि ती चित्रं शेजारी शेजारी पाहिली की कळतं, चित्र सुचण्याआधी माणूस किती काळ नुसता प्रश्नापाशी बसून असतो. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक तू वाचलं नसशील तर वाच. मराठीत एखादा चित्रकार स्वतःच्या विचारपद्धतीबद्दल इतकं नितळ लिहितो हे आपलं भाग्य आहे.

एका बाबतीत मला राग येतो, तोही सांगते. तुझ्या दुसऱ्या पर्यायात पिशवीच्या कडेने वारली माणसांची रांग आहे. वारली चित्रं ही मुळात लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर काढत, गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी ठेचून. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ती लग्नाच्या चौकटीबाहेर कागदावर आणली आणि १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात जगभरच्या समकालीन कलावंतांच्या बरोबरीने त्यांचं काम लागलं. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं एखादं चित्र तास दोन तास बघ. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस कमरेत वळू शकतो, म्हणून तो नाचतो, वाकतो, ओढतो. एकाच भिंतीवर सकाळ आणि संध्याकाळ, पेरणी आणि कापणी शेजारी नांदतात. गर्दी आणि हालचाल मोजक्या खुणांत कशी मांडायची, याचं इतकं पक्कं उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आणि आपण त्यातून लिफ्टच्या दाराला लावायची झालर काढतो. वारली चित्रच हवं असेल तर डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या चित्रकाराला काम दे, पूर्ण पैसे दे, वेष्टनावर त्याचं नाव छाप. ते शक्य नसेल तर ती रांग काढून टाक.

चित्रं काढणाऱ्या एआयबद्दलही तू विचारलंयस. मी ते वापरते, पण कामाच्या सुरुवातीला, काय करायचं नाही हे कळावं म्हणून. ‘सेंद्रिय गुळाचं वेष्टन’ असं सांगून बघ: तपकिरी क्राफ्ट कागद, हिरवं पान, कोपऱ्यात मंडल. जगात आधीच ढिगाने असलेल्या कामाचं ते सार असतं, म्हणून तुझ्या मनात पहिल्यांदा आलेलं चित्रही बहुधा तेच असतं. ते एकदा समोर आलं की बाजूला ठेवता येतं. त्यातली देवनागरी मात्र चुकूनही वापरू नकोस. वेलांट्या कधी भलत्याच कान्याला लागतात, कधी जोडाक्षरं मोडतात. तंत्रज्ञानातून प्रेरणा घ्यायची तर त्याच्या पोटात शिरावं. र. कृ. जोशी (१९३६–२००८) जाहिरातीत होते, कवी होते, सुलेखनकार होते, आयआयटीत शिकवत होते, आणि विंडोजमधला ‘मंगल’ हा फाँट त्यांनी केला. बोरू हातात घेऊन पडलेले प्रश्न ते संगणकासमोर घेऊन बसले. ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या गटाचा ‘मोदक’ फाँट घे. देवनागरी अक्षर जास्तीत जास्त किती जाड होऊ शकेल, एवढाच हट्ट धरून ते इतके पुढे गेले की अक्षरातल्या पोकळ्यांच्या बारीक रेघाच उरल्या. गोडवा त्या हट्टातून आला आहे.

आणि हो, तुझ्या तिन्ही पर्यायांत ‘गुळ’ असं ऱ्हस्व छापलंय. ते आधी ‘गूळ’ कर. ‘कोल्हापूर’मधला ‘ल’ही हिंदी वळणाचा आलाय. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हेच मराठीचे ठरवले आहेत, बहुतेक चांगल्या फाँटमध्ये ते असतात, फक्त भाषा मराठी निवडावी लागते. तुझ्या हातात ‘ळ’सारखं दोन गोल पोटांचं अक्षर आयतं आलं असताना तू कोपऱ्यात पान का शोधतोयस?

बघायला कुठे जायचं, याचं उत्तर सोपं आहे: जवळ. तू पुण्यात आहेस. बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुझ्यापासून काही मिनिटांवर असेल. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी जमवलेले दिवे, कुलुपं, पानाचे डबे आणि अडकित्ते तिथे आहेत. एकच अडकित्ता निवड आणि त्याच्यासमोर तासभर पेन्सिल घेऊन उभा राहा. बिजागरी कुठे आहे, जोर कुठे पडतो, मग घोड्याची मान नेमकी तिथेच का वळवली आहे. मुंबईला गेलास तर भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, पणजीला डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव, कोचीला बिएनाले हे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन. हे सगळं जरूर बघ, पण एका दिवसात तीनपेक्षा जास्त कामांपाशी थांबू नकोस. बाकीच्यांवरून नजर फिरली तरी चालेल.

आता गूळ. तुझ्या मूडबोर्डावर पेंढ्यात बांधलेल्या पाच अंड्यांचं जपानी चित्र आहे. मलाही ते फार आवडतं. पण तिथे अडचण अंडी फुटण्याची होती आणि हाताशी भाताचा पेंढा होता. तुझ्या गुळाची अडचण कोणती? मला दोन दिसतात. एक, सेंद्रिय गूळ काळसर असतो. गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं पिवळाधमक गूळ बघायची सवय आहे, तो पिवळेपणा अनेकदा हायड्रॉस या रंग उडवणाऱ्या रसायनाची पावडर घालून आणलेला असतो, आणि मग खरा गूळच मळका वाटतो. दोन, पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं.

मग पहिला प्रश्न असा होतो: रंगामुळे जो माल कमअस्सल वाटतो, त्याचा रंगच अभिमानाने कसा दाखवायचा? या प्रश्नाचे सोबती शोध. गुळाची वेष्टनं बघून काही मिळणार नाही. हातसडीचा तांदूळ विकणाऱ्यांना हीच अडचण आली. कॉफीवाल्यांनी बी किती गडद भाजलं आहे ते पाकिटावरच छापायला सुरुवात केली, आणि काळेपणा हा गिऱ्हाइकाच्या आवडीचा विषय झाला. चित्रकार तपकिरीच्या किती छटांना वेगवेगळी नावं देतात ते रंगांच्या दुकानात जाऊन वाच. दर काईलीचा, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतल्या दर खेपेचा, रंग थोडा वेगळा येत असेल, तर वेष्टन तो फरक लपवणार की त्याला नाव देणार?

हे पुण्यात खुर्चीत बसून ठरणार नाही. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं सुरू होतात. क्लायंटला फोन करून दोन दिवस त्यांच्या गुऱ्हाळघरी राहायची परवानगी माग. पहाटे जा. रानभेंडीचा रस घालून मळी कशी वर आणतात ते बघ, आणि काईल उतरवायची वेळ झाली हे गूळ करणारा गुळव्या कशावरून ओळखतो ते त्यालाच विचार. तो बहुधा रसाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी होते का ते दाखवेल. त्या क्षणाचा रंग वहीत उतरवून घे, सोबत जलरंगांची लहान पेटी ने. येताना दोन वेगवेगळ्या काईलींचा किलो-किलो गूळ आण. पाच-सहा तऱ्हांच्या कागदांत, एकदा सुती कापडात आणि एकदा केळीच्या सोपटात बांधून न्हाणीघराच्या खिडकीत ठेव, म्हणजे पावसाळ्याची ओल तिथेच मिळेल. आठ दिवसांनी कुठल्या कागदावर काय डाग पडलेत त्याचे फोटो मला पाठव, तेव्हा आपण पुढचं बोलू.